वाटणीचा वरवंटा

ओतिलियाला या घरात सून म्हणून येऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरली नव्हती: जेवायला कुणाला बोलवायचं ते बेनिग्ना ठरवते. सून नाही, मुलगा नाही, पाद्रीबाबा नाहीत. आणि आज आपल्या चुलीपाशी कोण येऊन बसणार, हे त्या बेनिग्नाला कळलं कुठं? तर मक्याच्या गिरणीवर, रांगेत, अर्धा गाव कान टवकारून उभा असताना!

"बरं केलंत हो, बेनिग्नाबाई," गिरणीवाली म्हणाली. "शेवटी एका आईच्या लेकी. काल तोमासा सांगत होती, उद्या ताईकडे जेवायला जायचंय म्हणून."

सगळं आपल्याला ठाऊकच आहे अशी मान हलवून बेनिग्नाने ओल्या पिठाची बादली डोक्यावर घेतली आणि सत्तरीच्या बाईला शोभणार नाही अशा झपाट्याने घर गाठलं. वाटेत दोन कुत्री आपण होऊन बाजूला झाली.

ओतिलिया चुलीपाशी उकिडवी बसून काळ्या घेवड्याच्या मडक्यात अवोकॅडोची भाजलेली पानं सोडत होती. सासूची सावली दारात पडली तसं तिने मान वर न करताच म्हटलं, "कळलं वाटतं."

"कळलं? गावाला कळलं, गावच्या कुत्र्यांना कळलं, सगळ्यांत शेवटी मला कळलं! तोमासाला बोलावलंस तू?"

"बोलावलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असतात, सासूबाई."

"म्हटलंच असतं! तेवढ्यासाठीच तर विचारायचं असतं माणसाला!"

अंगणात फिदेन्सिओ गाढवाच्या खोगिराला टाके घालत बसला होता. त्याने आईचा आवाज ऐकला, बायकोचा ऐकला, खोगीर उचललं आणि अलगद फाटकाकडे निघाला.

"फिदेन्सिओ!" दोघी एकदम ओरडल्या.

तो मुकाट्याने परत येऊन बसला.

ओतिलियाची अडचण बेनिग्नाला कळत नव्हती असं नाही. कळत होती, म्हणूनच जास्त झोंबत होती. बावीस वर्षांपूर्वी पेत्रोना गेली, बेनिग्नाची आणि तोमासाची आई. नवव्या दिवशीची प्रार्थना झाली, माणसं जेवून उठली, आणि दोघी बहिणींनी एकाच वेळी आईच्या पाट्याला हात घातला. 'हा तुला' असं आई आपल्यालाच म्हणाली होती, हे दोघीही शपथेवर सांगत होत्या. पेत्रोनाने दोघींनाही म्हटलं असेल, तिला कुणाचं मन मोडवत नसे. शेवटी बेनिग्नाने तो तीन पायांचा जड पाटा पाठीला बांधून घरी आणला. आणून बघते तो वरवंटा नाही. तो तोमासाने ओढणीखाली लपवून कधीच पळवला होता. त्या दिवसापासून बोलणं बंद. मध्ये तीन गल्ल्या, आणि तीन गल्ल्यांत बावीस वर्षं. गावातले टवाळ अजून म्हणायचे, "वाटायची वस्तू होती, बायांनी वाटून घेतली!"

आणि आता नीवेसचं लग्न आलं होतं. नीवेस म्हणजे ओतिलिया-फिदेन्सिओची थोरली, बेनिग्नाच्या डोळ्यातली बाहुली. आज मंगळवार, लग्न शनिवारी. या गावात नवरीबरोबर सासरी पाटा जातो आणि तो तिला आजीने द्यायचा असतो. बाजारातले नवे, फुलं रंगवलेले पाटे नीवेसने बघितलेसुद्धा नाहीत. "मला पणजीचाच हवा," ती म्हणाली. नात सात वर्षांची असताना आजीने तिला तसा शब्दच दिला होता. मग परवा नवऱ्या मुलाच्या आजीचा निरोप आला: "पाटा जोडीने येऊ दे. निम्मी वस्तू मी उंबऱ्याच्या आत घेत नाही, तिच्या पाठोपाठ संसारही निम्मा येतो."

बेनिग्नाने शब्द दिला होता, वरवंटा कुठून आणायचा ते देवावर सोडलं होतं. देवाने ते ओतिलियावर ढकललेलं दिसत होतं.

"बरं," बेनिग्ना बादली खाली ठेवून म्हणाली. "बोलावलंसच आहेस तर येऊ दे. पण टर्की कापायची नाही. मिरची-चॉकलेटचं सणाचं मोले करायचं नाही. रोजचं जेवण. बावीस वर्षांनी आली म्हणून ती काही बिशप नाही."

"मी रोजचंच करतेय."

"भोपळ्याचे वेल कुठून आणलेस? हे शेंडे निबर आहेत. नीवेस! नीवेस, मळ्यात जा आणि बोटाने तुटतील तेवढेच शेंडे आण. आणि ओतिलिया, तव्याला चुना लाव परत. कसा काळवंडलाय बघ! उद्या गावभर सांगेल, बेनिग्नाच्या तोर्तिया तव्याला चिकटतात."

"रोजचं जेवण ना, सासूबाई?"

"रोजच तवा पांढरा असायला नको का?"

मग जी धांदल उडाली! बेनिग्नाने ॲप्रन तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा म्हणाली की डाग पडला होता. मातीच्या तव्याला चुन्याची निवळी फासली, सुकेपर्यंत स्वतः फुंकर घालत बसली. गिरणीचं पीठ ती कधी तसंच थापत नसे, त्याच्यावर पाट्यावरचा एक हात फिरलाच पाहिजे. म्हणून ती गुडघे टेकून बसली आणि बाजारातून घेतलेल्या त्या आखूड वरवंट्याने पीठ रगडू लागली. आखूड वरवंटा पाट्याच्या मधोमध पुढेमागे सरकत होता. बाजूला कोपऱ्यांत पीठ राहायचं, ते बोटाने ओढून घ्यावं लागायचं. बावीस वर्षं ओढून घेत होती. आज पहिल्यांदा तिला त्याचा राग आला.

"आजी," शेंड्यांची जुडी घेऊन आलेली नीवेस कुजबुजली, "आणेल का गं ती?"

"काय?"

"वरवंटा!"

"मी काय तिच्या पोटात शिरलेय? आणि तू चेहरा असा करून दारात उभी राहू नकोस. आपल्याला काही नको आहे असं दिसलं पाहिजे."

घरात असं एकाचंही तोंड नव्हतं की ज्याच्याकडे बघून तसं वाटलं असतं.

तोमासा बरोबर दुपारी एकला आली. वाळकी, बुटकी, बेनिग्नाहून चार वर्षांनी धाकटी. अंगावर सणाची निळी ओढणी, आणि काखेत गाठोडं. लांबुळकं, जड गाठोडं. ती एका अंगाला कलली होती. नीवेसने आईचा दंड इतक्या जोरात दाबला की ओतिलिया कळवळली.

"ये," बेनिग्ना म्हणाली.

"आले," तोमासा म्हणाली. आत येऊन तिने स्वैपाकघर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चुलीचं तोंड फिरवलंस वाटतं."

"बावीस वर्षांत चुलीही फिरतात, तोमासा."

"धूर मात्र तिथंच येतोय."

ती बसली. गाठोडं तिने खुर्चीखाली ठेवलं. ठेवताना खाली फरशीवर 'ठक्' असा आवाज झाला, आणि त्या आवाजाबरोबर चौघांच्याही माना तिकडे वळल्या. दगडाचाच आवाज तो! पण तोमासाने पाय जवळ घेतले, दोन्ही टाचा गाठोड्याला लावल्या आणि म्हणाली, "भूक लागलीय बाई."

ओतिलियाने वाडग्यांतून सार वाढलं. वेलीचे कोवळे शेंडे, कणसाचे तुकडे, भोपळ्याची फुलं, आणि त्यात मक्याच्या पिठाचे, मधे खळगा दाबलेले मुटके. तोमासाने एक मुटका चमच्यावर घेऊन उजेडात धरला.

"आईच्या मुटक्याला अंगठ्याचा खळगा असायचा. हा करंगळीचा दिसतोय."

"आईचा अंगठा काय वरवंट्याबरोबर तुझ्याकडे गेला होता?" बेनिग्ना म्हणाली.

फिदेन्सिओला साराचा ठसका लागला. ओतिलियाने त्याच्या पाठीत एक धपका घातला, गरजेपेक्षा जरा जोरात.

"मीठ बरोबर आहे," तोमासा थोड्या वेळाने म्हणाली. "तू केलंस, ओतिलिया?"

"हो, मावशी."

"वाटलंच. ताईला हात आखडता घ्यायची सवय. लहानपणापासून."

"आणि तुला हात मारायची!"

नीवेसने चमचा मुद्दाम खाली पाडला आणि तो उचलायला टेबलाखाली वाकली. वर आली ती लाल होऊन. फिदेन्सिओने भुवया उडवून विचारलं, तिने खांदे उडवले: बांधलेलं आहे, काही दिसत नाही. मग फिदेन्सिओने पाय लांब करून बुटाच्या टोकाने गाठोड्याला हळूच ढोसलं.

"फिदेन्सिओ," तोमासा वाडग्यातून मान वर न काढता म्हणाली, "तो माझा घोटा आहे."

गरम तोर्तिया तव्यावरून थेट हातात येत होत्या. बेनिग्ना स्वतः भाजायला बसली होती. एक तोर्तिया उलटली तशी ती टम्म फुगली, चेंडूसारखी. तिने ती न बोलता तोमासाच्या पुढ्यात टाकली. तोमासाने तिचा तुकडा मोडला, काळा घेवडा उचलला, वर तीन पायांच्या दगडी खलात कुटलेली भाजक्या मिरचीची चटणी घेतली आणि खाताना डोळे मिटले. ते मिटलेले डोळे बेनिग्नाने बघितले आणि लगेच पुढची तोर्तिया थापायला घेतली. तिचे हात कारण नसताना भरभर चालू लागले.

सात तोर्तिया झाल्या. आठवी झाली. गाठोडं तिथंच.

शेवटी चॉकलेटची वेळ आली. फिदेन्सिओ दोन तळव्यांत रवी धरून चॉकलेट घुसळायला बसला. फेस वर आला, उतू जायला आला, तरी तो घुसळतच होता, कारण सगळ्यांचे डोळे खुर्चीखाली होते.

"फेस पुरे झाला रे," तोमासा म्हणाली. "हं. काढा एकदाचं तोंडातून. कुणीतरी विचाराल तरी की मी नुसती जेवायलाच आलेय?"

सगळे बेनिग्नाकडे बघू लागले. बेनिग्नाच्या ओठांना जणू कुणी टाके घातले होते. एक साधा प्रश्न, 'आणलास का?' पण तो बावीस वर्षं जिथं अडकला होता तिथंच अडकला होता.

"मावशीआजी," नीवेसला राहवेना, "आणलास का गं?"

तोमासा वाकली. गाठोडं मांडीवर घेतलं. वरची गाठ सुटली, आतून टॉवेल निघाला. टॉवेलच्या आत पिठाची जुनी पिशवी. पिशवीच्या आत पेत्रोनाचा वरवंटा. काळा, लांब, हातांनी घासून तुळतुळीत झालेला.

नीवेस किंचाळलीच. फिदेन्सिओने रवी टाकून टाळी वाजवली. ओतिलियाने छातीवर क्रूस काढला आणि हसत हसत डोळे पुसले. बेनिग्ना उठली, पाट्यावरचा आखूड वरवंटा उचलून बाजूला ठेवला आणि पाटा कोरड्या फडक्याने पुसला.

"ठेव," ती म्हणाली.

तोमासाने वरवंटा दोन्ही हातांनी पाट्यावर आडवा ठेवला.

तो बसला नाही.

दोन्ही टोकं पाट्याच्या दोन काठांवर टेकली आणि मधे मोकळी फट राहिली. दोन बोटं सहज जातील एवढी. त्या फटीतून पलीकडे दारातला उजेड दिसत होता. तोमासाने वरवंटा फिरवून बघितला, उलटा करून बघितला. कसाही ठेवला तरी उजेड दिसायचाच.

"हा तो नव्हे," बेनिग्ना म्हणाली.

"हाच तो! आईने टोकाला पाडलेली खूण बघ, ही बघ, इथं!"

खूण होती.

"मग याची अशी कंबर कुणी केली? आईचा वरवंटा टोकापासून टोकापर्यंत सरळ होता! मधे असा रोडावलाय की मिरवणुकीतल्या पोरीची कंबर!"

"मी वापरला तो! घरात ठेवून पूजा करायची होती काय त्याची? मला मिळाला तो पाटा अरुंद होता, तर मधेच झिजणार! आणि तू गं? आईचा पाटा सपाट होता. त्याच्यात ही नदी कुणी खोदली?"

"मलाही आखूड वरवंटाच मिळाला! मग काय बावीस वर्षं उपाशी बसणार होते?"

दोघी त्या दोन दगडांकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत दोघींनीही एकच गोष्ट धरून ठेवली होती. आज ना उद्या दगड दगडाला मिळाला की झालं, माणसं बदलतात पण दगड काही बदलत नाही. आणि बदलला होता तो दगडच. एक मधे खोल झाला होता, दुसरा मधे बारीक. रोज सकाळी, रोजच्या पिठाखाली, थोडा थोडा.

"शनिवारी काय घेऊन जाऊ मी?" नीवेसचा आवाज फाटला. "हे? हे बघून त्या म्हातारीने फाटकातच थांबवलं तर?"

"बाजारातला नवा देऊ," बेनिग्ना म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला.

तोमासाने वरवंटा उचलला आणि ती तो पुन्हा पिठाच्या पिशवीत घालू लागली. तो एकदा त्या पिशवीत गेला की आता परत यायचा नाही, हे स्वैपाकघरात सगळ्यांना कळलं होतं. बेनिग्नालाही. तरी तिच्या तोंडातून 'थांब' निघालं नाही.

"थांबा," ओतिलिया म्हणाली.

तिने चुलीतला एक विझलेला कोळसा घेतला आणि मावशीच्या हातातला वरवंटा सरळ काढून घेतला. त्याच्या पोटाला कोळसा फासला, वरवंटा पाट्यावर ठेवून एकदाच पुढे सरकवला आणि उचलला. पाट्यावर जिथं जिथं तो टेकला होता तिथं काळे डाग उमटले होते. दोन्ही काठांवर, लांबच लांब.

"एवढंच काढायचंय," ती म्हणाली. "हे काठ खाली आले आणि वरवंट्याच्या या दोन गाठी उतरल्या की बसेल. दुपारभराचं काम आहे."

"कोण करणार?" फिदेन्सिओने विचारलं. "टाकारी पावसाळ्यानंतर येतो."

"टाकाऱ्याची पोर इथंच आहे की."

बेनिग्नाला हे माहीत नव्हतं थोडंच? ओतिलिया दगडफोड्यांच्या गावची, बाप गावोगाव हिंडून पाट्यांना टाकी लावायचा. लग्न ठरलं तेव्हा बेनिग्नाने महिनाभर तोंड वाकडं केलं होतं. पण सुनेने कधी हातात टाकी धरल्याचं तिने पाहिलं नव्हतं. ओतिलिया आतल्या खोलीत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आखूड दांड्याची, दोन्हीकडून टोकदार टाकी होती. तेल लावून जपलेली.

"नाही," बेनिग्ना पाट्यापुढे आडवी झाली. "आईचा दगड आहे हा. टाकी लावून खरबरीत करणं वेगळं आणि काठ उडवणं वेगळं. एक घाव चुकला आणि उभा तडकला तर? मग नवा पाटाही नाही, जुनाही नाही, नुसते दोन धोंडे!"

ओतिलियाने वाद घातला नाही. ती खाली बसली आणि बोटाच्या पेराने पाट्यावर टकटक करू लागली. डावीकडे, उजवीकडे, तिन्ही पायांजवळ. कान दगडाला लावून. सगळीकडून एकच आवाज आला, घंटेसारखा साफ.

"आत तडा नाही. असता तर मातीच्या फुटक्या मडक्यासारखा बोलला असता."

"करू दे तिला, ताई," तोमासा म्हणाली.

"तू कोण सांगणार?"

"वरवंट्याची मालकीण!"

बेनिग्नाने सुनेकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. दोघी एका बाजूला झाल्या होत्या, आणि नातही हळूच सरकून त्यांच्याजवळ उभी राहिली होती. फिदेन्सिओसुद्धा! तोंडातून काही बाहेर पडायच्या आत ओतिलिया म्हणाली, "आई, हा हलता कामा नये. हलला तर कड उडेल. तुम्ही या बाजूने धरा, मावशी त्या बाजूने. घट्ट."

एकोणीस वर्षांत ओतिलियाने तिला 'आई' अशी हाक क्वचितच मारली असेल. फिदेन्सिओने पाटा अंगणात नेऊन ठेवला. बेनिग्ना मागोमाग आली, गुडघे टेकले आणि आपल्या आईचा पाटा दोन्ही हातांनी धरला. समोरून तोमासाने धरला. गुडघ्याला गुडघा लागला.

टक्. टक्. टक्. ओतिलियाचा हात कोपरापासून हलत नव्हता, नुसतं मनगट. एकेका घावाला मिरीएवढा कण उडायचा. पहिल्या शंभर घावांना बेनिग्नाने डोळे मिटले होते. मग तिने एक उघडला. घाव ओळीने पडत होते, विणीसारखे, एकही ओळ वाकडी नाही. बाप तर नुसता दमदाटी करणारा होता, पण लेकीच्या हातात काय उतरवून गेला होता!

"तू कुणाकडून घेतला होतास तो आखूड वरवंटा?" तोमासाने विचारलं. गप्प बसणं दोघींनाही कधी जमलं नव्हतं.

"बाजारात चर्चच्या मागे बसायचा ना तो, लंगडा."

तोमासाचे हात दगडावरच थिजले. "मी पाटा त्याच्याचकडून घेतला!"

"कधी?"

"आईच्या नवव्या दिवसानंतरच्या रविवारी. एकच पाटा होता, बिनवरवंट्याचा. मी विचारलं, याचा वरवंटा कुठंय? तर म्हणाला, आत्ताच एक बाई नुसता वरवंटा मागत आली, जोड मोडणार नाही म्हटलं तर इतकी भांडली, इतकी भांडली की शेवटी दिला बाबा देऊन."

टाकी थांबली. ओतिलियाने ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलत होते.

"म्हणजे," फिदेन्सिओ सावकाश बोटं मोजत म्हणाला, "आईकडे पाटा आजीचा आणि वरवंटा मावशीच्या पाट्याचा. मावशीकडे पाटा आईच्या वरवंट्याचा आणि वरवंटा आजीच्या..."

"मी भांडले नव्हते," बेनिग्ना म्हणाली. "मी नुसतं त्याला समजावलं होतं."

तोमासा हसायला लागली ती थांबेचना. तिच्या केसांवर, भुवयांवर, निळ्या ओढणीवर दगडाची पांढरी भुकटी बसली होती. बेनिग्नाला वाटलं, ही अशी म्हातारी कधी झाली? मग लक्षात आलं, आपणही तशाच पांढऱ्या झालो असणार. तिलाही हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर तिने ते आवरलं नाही. आवाज ऐकून शेजारीण भिंतीवरून डोकावली, दोघी बहिणींना पाट्याच्या दोन बाजूंना बघून तिने तोंडावर हात ठेवला आणि पळाली. अर्ध्या तासात गावाला कळणार होतं. कळू दे!

"हलू नका!" ओतिलिया ओरडली. "हसायचं तर नंतर हसा!"

आणि बेनिग्ना, जिला आजवर कुणी ओरडलं नव्हतं, ती मुकाट्याने हलायची थांबली.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा काठ उतरले होते. मग वरवंट्याच्या दोन्ही गाठी. ओतिलियाने पुन्हा कोळसा फासला, सरकवला, उचलला. डाग आता काठांवर नव्हते. सगळ्या पाट्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक ठिपके. तिने वरवंटा ठेवला. नीवेस जमिनीवर पालथी पडून वरवंट्याखालून पलीकडे बघू लागली.

"उजेड?" फिदेन्सिओने विचारलं.

"नाही," नीवेस म्हणाली. मग उठून ओरडली, "नाही! कुठंच नाही!"

तिने आईला मिठी मारली, आजीला मारली, मावशीआजीला मारली, आणि तिघींनाही एकदम कवेत घ्यायला गेली तेव्हा सगळ्या पांढऱ्या झाल्या. फिदेन्सिओने भरडलेला मका आणि खडेमीठ आणलं. टाकी लावलेल्या दगडावर पहिलं वाटण खायचं नसतं, कच येते. पहिला घाणा तोमासाने रगडला, तो करडा निघाला, कोंबड्यांना टाकला. दुसरा बेनिग्नाने रगडला. वरवंटा हातांखाली असा सरकला की तिला कोपऱ्यांतलं ओढून घ्यायची आठवणच राहिली नाही, काठांवर पीठ उरलंच नाही. तिसऱ्याला दोघींनी एकमेकींचे हात बाजूला सारले आणि अर्धा अर्धा रगडला. तो पांढराशुभ्र उतरला. बेनिग्नाने चिमूट उचलली, पुढच्या दातांत धरून बघितली. कच नाही.

"झालं," ती म्हणाली. "आता शनिवारी याला फुलं बांधायची, पाठीवर घ्यायचं आणि वाजंत्र्यांपुढे नाचत नवऱ्याच्या दारी न्यायचं."

"कोण नेणार?" तोमासाने विचारलं.

"कोण म्हणजे? घरातली थोरली बाई नेते. पाटा माझा."

"नुसता पाटाच ना? वरवंटा कुणाचा?"

"तोमासा, तोंड सांभाळ."

"नाहीतर काय करशील? बावीस वर्षं बोलणार नाहीस?"

नीवेसचा चेहरा उतरला. तोमासाचा हात वरवंट्यावर होता, बेनिग्नाचा पाट्यावर. दोघींनाही हात काढता येईना. मागे घागरीशी ओतिलिया टाकी धूत होती. बोटांना फोड आले होते, म्हणून ती पाणी दुसऱ्या हाताने ओतत होती. तिचं इकडे लक्ष नव्हतं की ती तसं दाखवत होती, ते तिलाच ठाऊक.

बेनिग्ना उठली. गुडघे दुखले, पण कुणाचा हात धरला नाही. सुनेसमोर जाऊन उभी राहिली.

"ओतिलिया, इकडे बघ. मला न विचारता माझ्या घरात माणूस जेवायला बोलावलंस, ही चूक. ती चूकच राहील, मी मेल्यावरही फिदेन्सिओने ती लक्षात ठेवायची. सार बरं होतं, शेंडे निबर होते, हेही ऐकून ठेव. आम्ही दोघी शहाण्या बाया, आम्ही जोड मोडली. तू ती जोडलीस. तेव्हा शनिवारी हा पाटा तुझ्या पाठीवर जाईल. मी आणि तोमासा मागून टाळ्या वाजवत येऊ. आता 'मी कशी नेऊ' म्हणून मला विचारत बसू नकोस. विचारायची सवय तुला तशीही नाही."